चाकांवरचं घर आणि घरचा निरोप

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्षात प्रत्येक महिन्याला आपल्यापैकीच कुणीतरी बोलायचं, अशी कल्पना निघाली आणि माझ्या वाट्याला प्रवास हा विषय आला. ऑस्ट्रेलियातले फोटो दाखवा म्हणून सांगितलं होतं. फोटो आहेत, ते चहाच्या वेळी दाखवीन. पण कांगारू आणि समुद्र तुम्ही टीव्हीवर माझ्यापेक्षा चांगले पाहिले असतील. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. मागच्या एप्रिलमध्ये आम्ही मुलीच्या कुटुंबाबरोबर मोटरहोमने अ‍ॅडलेडहून पर्थला गेलो. जवळजवळ २७०० किलोमीटरचा रस्ता आणि वाटेत शेकडो किलोमीटर मोबाईलला एक दांडी नाही. त्यात इकडे साताऱ्याला माझे थोरले बंधू, आमचे दादा, वय वर्षं ८४, नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले. अशा वेळी घराशी संपर्क कसा ठेवायचा, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. तो कसा सोडवला तेवढंच सांगतो. शेवटी त्यातलं आपल्या सोसायटीला काय घेता येईल तेही मांडतो.

आधी मोटरहोम म्हणजे काय ते सांगतो. मिनी बसएवढी गाडी, आत चौघापाचांची झोपायची सोय, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, छोटं संडास-बाथरूम. आमच्या सौ.ने त्यात रोज पिठलं-भात नाहीतर खिचडी केली. गाडीला दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, दुसरी घराची, म्हणजे दिवे आणि पाण्याच्या पंपासाठी. मोबाईल चार्ज करायचे ते गाडी चालू असताना, १२ व्होल्टच्या सॉकेटवर. रात्री कॅरव्हॅन पार्कमध्ये थांबलं की तिथे खांबावरून २४० व्होल्टची वीज जोडून घेता येते. रस्त्याकडेच्या थांब्यावर राहिलात तर वीज नाही, मग जपून. पहिला धडा तिथेच मिळाला. संपर्काची सुरुवात चार्जिंगपासून होते. जावईबापूंनी नियमच केला होता की इंजिन बंद करण्यापूर्वी सगळे फोन आणि दोन पॉवर बँक पूर्ण भरलेल्या हव्यात.

आता रस्ता. अ‍ॅडलेडहून पोर्ट ऑगस्टा, तिथून सेडूना हे समुद्रकाठचं गाव, आणि सेडूनाच्या पुढे नलारबोरचं मैदान. लॅटिनमध्ये ‘नलस’ म्हणजे काही नाही आणि ‘आर्बर’ म्हणजे झाड. बिनझाडांचं मैदान. सेडूना ते नॉर्समन हे अंतर साधारण १२०० किलोमीटर, म्हणजे इथून निघून दिल्लीच्या वाटेवर बरंच पुढे जाल तेवढं. आणि मध्ये एकही शहर नाही. दर शंभर-दोनशे किलोमीटरवर एक रोडहाऊस. रोडहाऊस म्हणजे पेट्रोलपंप, खानावळ आणि राहायच्या चार खोल्या असं एकत्र. एक पट्टा तर १४६.६ किलोमीटर एकदम सरळ आहे, स्टिअरिंग वळवायची गरजच नाही. या रस्त्याला एअर हायवे म्हणतात. हवेचा याच्याशी संबंध नाही, १८४१ साली हे मैदान ओलांडणाऱ्या एडवर्ड जॉन एअर यांचं ते नाव. त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत टिकला तो वायली नावाचा तिथला आदिवासी तरुण. त्यांचा बाहेरच्या जगाशी महिनोन्‌महिने संबंध नव्हता, हे लक्षात ठेवलं म्हणजे आपली एक दांडी गेल्याची तक्रार जरा कमी होते.

संध्याकाळनंतर गाडी चालवायची नाही. कांगारू रस्त्यावर येतात आणि भाड्याच्या गाडीच्या करारातच बहुधा रात्री चालवायला बंदी असते. त्यामुळे आज कुठे पोचू आणि कुठे नेटवर्क मिळेल, याचा हिशेब रोज सकाळी मांडावा लागे.

आता फोनचं बोलू, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत आणि तुम्ही जाणार आहात.

पहिलं, तिथे टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि व्होडाफोन अशा तीन मोठ्या कंपन्या आहेत. शहरात कुठलीही चालते. शहराबाहेर, आडरानात, टेल्स्ट्राचं जाळं सगळ्यात लांबवर पोचतं. त्याच कंपनीचं जाळं भाड्याने घेऊन स्वस्तात सिम विकणाऱ्या इतर कंपन्याही आहेत, पण त्यातल्या सगळ्यांना पूर्ण जाळं मिळत नाही. सिम घेताना एवढं विचारून घ्या. प्रीपेड सिमलाही ओळखपत्र लागतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. आम्ही घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवली. एकाचं गेलं तर दुसऱ्याचं असावं म्हणून.

दुसरं, तुमचा इथला जुना फोन तिकडे चालेलच असं नाही. २०२४ च्या अखेरीस तिथलं थ्री-जी बंद झालं. ज्या फोनवरून फोर-जीवरून आणीबाणीचा कॉल जात नाही, असे फोन तिथल्या कंपन्या जाळ्यावर घेतच नाहीत. फोर-जी इंटरनेट चालतंय म्हणजे कॉलही चालेल असं समजू नका. निघण्यापूर्वी मुलांकडून फोनचं मॉडेल तपासून घ्या.

तिसरं, दोन सिमचा फोन असेल तर एका खणात तिथलं सिम आणि दुसऱ्यात आपलं भारतातलं. भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं, पण सिम चालू ठेवायचं. का, ते बँकेच्या मुद्द्यात सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या जुन्या नंबरवरच चालू राहतं, फक्त इंटरनेट तिथल्या सिमचं वापरतं.

चौथं, नकाशे. इंटरनेट असेल तेव्हाच पुढच्या सगळ्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा. मग जाळं नसलं तरी आपण कुठे आहोत ते दिसतं, कारण ते उपग्रहावरून कळतं, मोबाईलच्या टॉवरवरून नाही. शिवाय एक कागदी नकाशा. माझा नातू बारा वर्षांचा. घडी घातलेला कागदी नकाशा परत तशीच घडी घालून ठेवायचा असतो, हे तो या प्रवासात शिकला.

पाचवं, फोटो. फोनमधले फोटो आपोआप वर चढवायची सोय बंद करा, नाहीतर दोन दिवसांत डेटा संपतो. आणि जिथे नेटवर्क अगदी मरतुकडं असतं तिथे व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका. साधा एसएमएस किंवा दोन ओळींचा मजकूर जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवला तर फोन तो धरून ठेवतो आणि जाळं मिळाल्यावर आपणहून पाठवतो. एक टिक म्हणजे आपल्याकडून गेला, दोन टिक म्हणजे त्याच्या फोनवर पोचला. या दोन टिकांमधलं अंतर कधी एका सेकंदाचं असतं, कधी वीस तासांचं.

जाळं अजिबातच नसेल तर काय? तिथले लोक काय करतात ते मी पाहिलं. ट्रकवाले आणि मोटरहोमवाले गाडीत छोटा रेडिओ ठेवतात, यूएचएफ सीबी म्हणतात त्याला. हायवेवर ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर असतात. काही किलोमीटरच्या आतल्या गाड्यांशी बोलता येतं. पुढे रस्त्यावर रुंद लोड येतोय, बाजूला घ्या, असं आधीच कळतं. काही जणांच्या टपावर स्टारलिंकची ताटली होती. झाडंच नसल्यामुळे आकाश मोकळं, तिला हवं तसं. शिवाय बऱ्याच जणांकडे पीएलबी असतो. मुठीत मावणारी वस्तू. जिवावर बेतलं तरच बटण दाबायचं. मग उपग्रहामार्फत खूण कॅनबेराच्या बचाव केंद्राकडे जाते आणि शोध सुरू होतो. त्याला महिन्याचं भाडं नाही, पण त्यावरून बोलता येत नाही, ‘मी ठीक आहे’ असंही सांगता येत नाही. ते सांगायला उपग्रहावरून मजकूर पाठवणारं वेगळं यंत्र मिळतं, त्याला दरमहा पैसे पडतात. इथे एक सूचना नीट ऐका. अशी उपग्रहाची यंत्रं आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. मुलांनी कौतुकाने दिलं तरी बॅगेत घालून आणू नका. विमानतळावर पकडले गेल्याची उदाहरणं आहेत.

आणीबाणीचा नंबर तिथे तीन वेळा शून्य. मोबाईलवरून ११२ लावला तरी तिथेच जातो. आपल्या कंपनीचं जाळं नसलं, पण दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असलं, तर त्यावरून हा कॉल जातो. कुठलंच नसलं तर नाही जात. आणि एक छान गोष्ट म्हणजे तिथल्या टेल्स्ट्राच्या सार्वजनिक फोनवरून देशातल्या देशात कुठेही फोन करणं ऑगस्ट २०२१ पासून फुकट आहे. नातवाने आयुष्यात पहिल्यांदा असा फोन हातात घेतला. मी त्याला आपल्या एसटीडी बूथच्या गोष्टी सांगितल्या. रात्री उशिरा दर पाव व्हायचा आणि लोक स्वेटर घालून रांगेत उभे राहायचे. डोक्यावर लाल आकडे पळायचे आणि बोलणाऱ्याचं लक्ष बोलण्याऐवजी आकड्यांकडे. त्याला ते खोटंच वाटलं.

या मुलखात संपर्कासाठी माणसांनी किती खटपट केली ते पाहिलं की नवल वाटतं. रस्त्यावर मधूनमधून पाट्या दिसतात की हा पट्टा फ्लाइंग डॉक्टरच्या विमानाला उतरायला राखलेला आहे. हायवेचीच धावपट्टी. ही सेवा १९२८ साली सुरू झाली. पण डॉक्टरला बोलावणार कसं? मग अ‍ॅडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून वीज तयार करायची आणि संदेश पाठवायचा असा रेडिओ बनवला. घरातली बाई पेडल मारत मारत डॉक्टरला बोलावायची.

आता मुख्य गोष्ट. दादांचं काय करायचं?

जावं की न जावं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी दादाच म्हणाले, “मी काय तुझ्या येण्याची वाट बघत बसणार आहे का? जा. पण रोज कळव.” रोज कळव, हे शब्द सोपे. पण त्यात चार गोष्टी ठरवाव्या लागतात आणि त्या आम्ही पुतण्याबरोबर बसून कागदावर लिहिल्या.

एक, वेळ कुणाची धरायची? साउथ ऑस्ट्रेलिया एप्रिलमध्ये आपल्यापेक्षा चार तास पुढे. पर्थ अडीच तास पुढे. आणि मध्ये यूक्ला नावाच्या गावाच्या आसपास त्यांची स्वतःची वेगळीच वेळ आहे, आपल्यापेक्षा सव्वातीन तास पुढे. फोन एक वेळ दाखवतो आणि रोडहाऊसच्या भिंतीवरचं घड्याळ दुसरी. म्हणून ठरवलं की घड्याळ भारताचंच. दुपारी साडेचार, दादांच्या चहाची वेळ. माझ्या मनगटावरचं घड्याळ मी पूर्ण प्रवासात बदललं नाही.

दोन, निरोप एका माणसाकडून एका माणसाला. माझ्याकडून पुतण्याला. बाकीच्या नातेवाइकांना त्याने कळवायचं. नाहीतर दहा जण दहा ठिकाणांहून विचारत बसतात आणि खरी बातमी त्यात हरवते.

तीन, जाळ्याबाहेर जाण्यापूर्वी सांगून जायचं. कुठून निघतोय, कुठे मुक्काम आहे, पुढचा निरोप केव्हा येईल.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, निरोप आला नाही तर काय करायचं? आम्ही लिहिलं की सांगितलेल्या वेळेनंतर बारा तास काहीही करायचं नाही, काळजीही करायची नाही. बारा तासांनंतर मुलीच्या अ‍ॅडलेडमधल्या मैत्रिणीला फोन. तिच्याकडे गाडीचा नंबर, रस्ता आणि वाटेतल्या रोडहाऊसचे फोन नंबर होते. ती एकेका ठिकाणी विचारील की अशी गाडी आली होती का. तरी पत्ता लागला नाही तर पोलीस. तिथे तातडीचं नसेल तेव्हा पोलिसांचा नंबर १३१ ४४४ आहे. तोही कागदावर होता.

याची परीक्षा पाचव्या दिवशी झाली.

नलारबोर रोडहाऊसहून आम्ही दुपारी निघालो. निघताना मी लिहिलं, “आज रात्री रस्त्याकडेला मुक्काम. नेटवर्क नाही. उद्या तुमच्या सकाळी यूक्लाहून कळवतो.” पुढे समुद्राच्या उंच कड्यांच्या बाजूने रस्ता जातो. वारा इतका सुटला होता की उंच गाडी हेलकावे खात होती. जावईबापूंनी सरहद्दीच्या अलीकडेच एका थांब्यावर गाडी लावली. शेजारी दोन कॅरव्हॅन. फोन पूर्ण मुका. रात्रभर वारा गाडीला धक्के देत होता.

दुसऱ्या दिवशी राज्याची सरहद्द ओलांडली. तिथे फळं, भाज्या, मध नेऊ देत नाहीत. शेतीला कीड लागू नये म्हणून तपासणी असते. सौ.ची जपून ठेवलेली कोथिंबीर आणि मिरच्या तिथे जमा झाल्या. ती तिच्या दुःखात होती तेवढ्यात बारा किलोमीटरवर यूक्ला आलं आणि माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. पुतण्याचे तीन निरोप एकदम. ते तसेच वाचून दाखवतो, कारण त्याने लिहिलं ते शिकण्यासारखं आहे.

पहिला, “काका, दुपारी १ वाजता लिहितोय. बाबांना चक्कर आली म्हणून दवाखान्यात आणलं. नाडी फार मंद आहे. शुद्धीवर आहेत, बोलतात. मी आणि आई इथे आहोत. तुम्ही आत्ता काही ठरवू नका. पुढचा निरोप रात्री ९ ला.”

दुसरा, “रात्री ९. प्रकृती तशीच, स्थिर. पेसमेकर बसवावा लागेल. पैशांची सोय झाली आहे. पुढचा निरोप सकाळी ७ ला.”

तिसरा, “सकाळी ७. रात्र नीट गेली. ११ वाजता आत घेणार आहेत. साडेदहापर्यंत फोन लागला तर बाबांशी बोलता येईल. नाही लागला तरी काळजी नको, मी सांगतो त्यांना.”

माझ्या घड्याळात सव्वासात वाजले होते.

मंडळी, आपली पिढी तारेच्या भीतीत वाढली. तारवाला दारात आला की बायका आधी रडायला लागायच्या, पाकीट मग फोडायच्या. ‘आई सीरियस, ताबडतोब निघा.’ एवढीच अक्षरं, कारण शब्दाला पैसे पडायचे. आणि माणूस बारा तासांच्या एसटी प्रवासात मनातल्या मनात आईला दहा वेळा पोचवून येई. आता शब्दाला पैसे पडत नाहीत, पण आपण निरोप मात्र तसाच लिहितो, “कॉल मी अर्जंट.” ज्याला तो वीस तासांनी मिळणार आहे त्याने काय समजावं? पुतण्याच्या निरोपात पाहा. किती वाजता लिहिलं ते आहे. काय झालं ते आहे. आत्ता कसं आहे ते आहे. जवळ कोण आहे ते आहे. मी काय करायचं ते आहे. आणि पुढची बातमी केव्हा येईल ते आहे. तिन्ही निरोप मला एकाच मिनिटात मिळाले आणि तरी माझे हात कापले नाहीत. सौ.चे डोळे भरून आले, पण तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, “साडेदहाला अजून वेळ आहे, आधी फोन लावा.”

लावला. यूक्लाला नेटवर्क बरं आहे, लागलाही. दादांचा आवाज बारीक आला. म्हणाले, “तिकडे म्हणे झाडंच नाहीत. मग सावलीला बसता कुठे?” मी सांगितलं, गाडीच्या. ते हसले. दोन मिनिटं बोललो, बस्स.

मग आम्ही एकच निर्णय घेतला. त्या दिवशी पुढे जायचं नाही. पुढे निघालो असतो तर नेमकं ऑपरेशनच्या वेळी जाळ्याबाहेर असतो. म्हणून यूक्लालाच गाडी लावली. तिथल्या वेळेने सव्वादोनला दादांना आत घेणार होते. नुसतं बसवेना. नातू म्हणाला, आजोबा, इथे जुनं तार ऑफिस आहे म्हणे. सौ. आणि मुलगी फोन घेऊन गाडीशी थांबल्या, आम्ही गेलो.

समुद्राकडे काही किलोमीटरवर वाळूच्या टेकड्यांत दगडी भिंती अर्ध्या गाडल्या गेलेल्या दिसतात. १८७७ साली हे तार ऑफिस सुरू झालं आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया पूर्वेकडच्या वसाहतींना तारेने जोडली गेली. एकाच ऑफिसात एका बाजूला साउथ ऑस्ट्रेलियाचे कर्मचारी, दुसऱ्या बाजूला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे. एकाने उतरवून घ्यायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं, त्याने पुढे पाठवायचं. त्याआधी पाच वर्षं, १८७२ मध्ये, अ‍ॅडलेडहून डार्विनपर्यंत ३२०० किलोमीटरची तार टाकून ती समुद्राखालच्या तारेला जोडली होती. तिथून संदेश जावा, सिंगापूर, मद्रास आणि मुंबई करत लंडनला जायचे. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या माणसाची बातमी आपल्या मुंबईतून पुढे जात होती. पुढे सशांनी टेकड्यांवरचं गवत खाऊन टाकलं, वाळू मोकळी झाली आणि ते सगळं गिळत गेली. नंतर तार रेल्वेच्या बाजूने नेली आणि ऑफिस बंद झालं. त्या भिंतींजवळ नातवाने विचारलं, “आजोबा, तेव्हा निरोप यायला उशीर झाला तर लोक काय करायचे?” म्हटलं, वाट बघायचे. आपण बघतोय तशीच.

तिथल्या घड्याळात पावणेपाच वाजता पुतण्याचा निरोप आला. “दुपारी दीड. झालं. बाबा बाहेर आले. चहा मागतायत.”

आता माझ्या जुन्या धंद्याचे दोन शब्द. बँकवाला बँकेबद्दल बोलला नाही तर कट्ट्यावरची मंडळी सोडणार नाहीत.

परदेशी जाताना बँकेच्या तीन गोष्टी इथेच करा. आपल्या कार्डावर परदेशातला व्यवहार चालू आहे का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डांवर तो मुळात बंद असतो, आपण चालू करायचा आणि मर्यादा घालायची. दुसरं, ओटीपी आपल्या भारतातल्या नंबरवर येतो. म्हणून ते सिम परदेशात चालू राहील अशी सोय मोबाईल कंपनीकडून निघण्यापूर्वी करून घ्या आणि ओटीपी ई-मेलवरही मिळतो का ते बँकेत विचारा. नलारबोरमध्ये जाळं नाही म्हणजे ओटीपीही नाही. त्यामुळे विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचा हप्ता आधीच भरा. तिसरं, बँकेचं कुठलंही काम हॉटेलच्या, कॅरव्हॅन पार्कच्या किंवा वाचनालयाच्या फुकट वायफायवर करू नका. बातम्या वाचा, नातवंडांचे फोटो पाहा. पैशाला हात लावायचा तो आपल्या स्वतःच्या डेटावर.

आणि एक जुनी युक्ती. आमच्या वेळी तारेने पैसे पाठवायची पद्धत होती, टी.टी. तारेवर सही नसते. मग तार खरी कशावरून? त्यासाठी दोन शाखांमध्ये गुप्त कोड असायचा. त्यावरून काढलेला आकडा जुळला तरच पैसे द्यायचे, मॅनेजरचं नाव कितीही मोठं असो. आज “बाबा, माझा फोन हरवला, हा नवा नंबर, तातडीने पैसे पाठवा” असे निरोप येतात आणि शिकलेली माणसं फसतात. आता तर आवाजही हुबेहूब करता येतो. म्हणून आम्ही घरात एक शब्द ठरवला आहे. तो कुठेही लिहिलेला नाही. पैशांची मागणी आली की तो विचारायचा. सांगता आला नाही तर फोन ठेवायचा. तुम्हीही आज घरी जाऊन ठरवा. मात्र ग्रुपवर टाकू नका म्हणजे झालं.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपली मुलं शाळा-कॉलेजात होती, जिन्यातून सायकली घेऊन पळत होती. आज किती घरांत फक्त दोघंच आहेत आणि किती घरांत एकच माणूस आहे, ते प्रत्येकाने आपल्या मजल्यावर मोजून पाहावं. त्या सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे, वायफाय आहे. नलारबोरसारखी स्थिती इथे नाही, सगळ्या दांड्या आहेत. पण एखाद्या सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला तर फोन बेडरूममध्ये वाजत राहतो. मुलगा तिकडे अमेरिकेत मध्यरात्री झोपलेला. तो उठून फोन करील आणि कुणी उचलला नाही तर म्हणेल, आई फिरायला गेली असेल. त्या शांततेचा अर्थ काय घ्यायचा हे कुणीच ठरवलेलं नसतं.

म्हणून माझी विनंती अशी. जे एकटे राहतात, किंवा दोघं राहतात पण त्यातला एक आजारी आहे, त्यांनी सकाळी नऊपर्यंत आपल्या मजल्यावरच्या एका ठरलेल्या शेजाऱ्याला एक शब्द पाठवायचा, “ठीक”. फुलं नाहीत, सुविचार नाही, फक्त ठीक. साडेनऊपर्यंत आला नाही तर शेजाऱ्याने फोन करायचा. उचलला नाही तर बेल वाजवायची. दार उघडलं नाही तर ज्याच्याकडे जादा किल्ली आहे त्याला बोलवायचं आणि वॉचमनला बरोबर घेऊन आत जायचं. आत जाण्यात कुणी संकोच करायचा नाही आणि आतल्याने रागवायचं नाही, हेही आधीच मान्य करायचं. आणि बाहेरगावी जाणार असाल तर तेही कळवून जायचं, नाहीतर आम्ही तुमचं दार वाजवत बसू.

त्याबरोबर एक कागद. त्यावर नाव, डॉक्टर, रोजची औषधं, किल्ली कुणाकडे, मुलांचे नंबर, आणि तिथे आपल्या सकाळी नऊला किती वाजलेले असतात तेही. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून, एक सोसायटीच्या ऑफिसात बंद पाकिटात. आणि मुलांना कळवायची वेळ आली तर कसं कळवायचं? पुतण्याने मला कळवलं तसं. किती वाजता, काय झालं, आता कसं आहे, जवळ कोण आहे, तू काय कर, पुढचा फोन केव्हा.

सेक्रेटरींशी माझं बोलणं झालं आहे. कोरे फॉर्म क्लबहाऊसच्या टेबलावर ठेवले आहेत. ए विंगचं काम मी पाहीन, बाकीच्या विंगांना एकेक माणूस हवा आहे. तरुण मंडळींनी नाव दिलं तर फार बरं. पूर्ण वेळेचं काम नाही, सकाळचा अर्धा तास.

दादांचं विचाराल तर ते आता बरे आहेत. पुतण्याच्या मागे लागून त्यांनी स्वतःचा स्मार्टफोन घेतला आणि दुपारी साडेचारचा निरोप अजून चालू आहे. फरक इतकाच, आता तो ते पाठवतात आणि मी दहा मिनिटांत उत्तर दिलं नाही तर सौ.ला फोन येतो.

 सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. फॉर्म चहाच्या टेबलाशेजारीच आहेत. चहा घेण्याआधी भरला तर उत्तम.